माइंड करता का?

शुक्रवारी दुपारी अडीचनंतरचा वेळ कार्स्टेअर्स बाईंनी आपल्या मर्जीसाठी राखून ठेवला होता. त्या वेळात गणित नसे, नकाशे नसत, राजांच्या सनावळ्याही नसत. सोमवारी बाई फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहीत. मग उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या क्रेगहेवन गावची पोरं आठवडाभर कान टवकारून हिंडत. घरात, धक्क्यावर, पाववाल्याच्या दुकानात तो शब्द कुणाच्या तोंडून निसटला की झडप घालून धरत आणि शुक्रवारी आणून वर्गात ओतत. त्यांचे बाप धक्क्यावर हेरिंग मासे ओतत तसेच, लहानमोठे सगळे एकदम.

फळ्यावर बाई दोन रकाने आखत. डावीकडे ‘गावात’, उजवीकडे ‘पुस्तकात’. ‘आणि चूक हा रकाना कुठे आहे?’ असं शाळातपासनिसांनी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “फळा तेवढा रुंद नाही, साहेब.”

एकोणीसशे चौसष्ट सालच्या ऑक्टोबरातल्या त्या आठवड्याचा शब्द होता ‘माइंड’.

“आमची आई म्हणते,” पहिल्या बाकावरची इना सांगू लागली, “मी दुकानात जाऊन येईस्तोवर बाळाला माइंड कर.”

“म्हणजे काय करायचं?”

“काही नाही बाई. ते रडलं की हलवायचं. फार रडलं की शेजारच्यांकडे द्यायचं.”

वर्ग हसला. बाईंनी डावीकडे लिहिलं, ‘सांभाळणं’.

रॅब उठला. त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं. “बाबा म्हणतात, डोकं माइंड कर. आमच्या जाळ्यांच्या खोलीचं दार बुटकं आहे.”

“आणि तू करतोस?”

“ते सांगतात तोवर आपटलेलं असतं, बाई.”

‘जपणं’, बाईंनी लिहिलं. मग एकेक येत गेलं. कुणाची आजी म्हणे, ज्या वादळात चर्चचं छप्पर उडालं ते मी अजून माइंड करते. कुणाला पोस्टातल्या मिसेस डॉइगने बजावलं होतं, तुझ्या आईजवळ मला माइंड कर, म्हणजे माझी आठवण सांग. किनारारक्षकाची मुलगी पॉलीन दोन वर्षांपूर्वी इंग्लंडातून आलेली. ती हळूच म्हणाली, “माझे बाबा गाडीत शेजारच्याला विचारतात, मी खिडकी उघडली तर तुम्ही माइंड कराल का? म्हणजे तुमची हरकत नाही ना, असं.”

“शाबास. हे उजवीकडे.”

फळा भरला. बाईंनी खडू ठेवला, हात झटकले, आणि टेबलाच्या कडेवर टेकल्या. त्या टेबलावर टेकल्या की काहीतरी चांगलं येणार, हे पोरांना ठाऊक होतं.

“आता सांगा, एवढ्याशा शब्दाच्या पोटात एवढे अर्थ शिरले कसे?”

पोरं बाकांवर पुढे सरकून बसली.

“हा शब्द फार जुना. अगदी सुरुवातीला त्याचा अर्थ एकच होता, आठवण. माइंड करणं म्हणजे आठवणीत ठेवणं. आता बघा हं. ज्याची आठवण ठेवायची, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. लक्ष ठेवलं की सांभाळणं आलं. सांभाळायला लागलं की काळजी आली. आणि इना, काळजी फार झाली की काय येतं?”

“कटकट येते, बाई.”

“बरोब्बर! कटकट आली की माणूस म्हणतो, हे मला चालणार नाही. झाली हरकत. असा हा शब्द एकेक पायरी उतरत गेला. खाली दक्षिणेकडच्या लोकांनी शेवटची पायरी धरून ठेवली. पहिली त्यांच्या हातून सुटली.”

रॅबच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे आजीचाच अर्थ सगळ्यांत म्हातारा?”

“आजीचाच.”

“म्हणजे आपण बरोबर आणि लंडनवाले चूक!”

वर्गाने बाकं बडवली. पॉलीनसुद्धा बडवत होती. बाईंनी हात वर केला.

“चूक कुणी नाही रे. एकाच घरातले भाऊ. एक घरी राहिला, एक लांब नोकरीला गेला. आणि ह्या घरातली माणसं किती लांब पोचलीत माहीत आहे? माझ्या जाड्या शब्दकोशात दिलंय. हिंदुस्थानातल्या जुन्या भाषेत ह्याचाच एक भाऊबंद आहे, ‘मनस्’. आपण जिथे आठवण ठेवतो ना, त्या जागेचंच नाव.”

“मग तिकडच्या आयापण म्हणत असतील का, डोकं माइंड कर?”

“शब्द वेगळे असतील, रॅब. डोकी सगळीकडे आपटतातच.”

एवढ्या गोंधळात नेटी रीकीने एक वाक्यही आणलं नव्हतं, हे बाईंच्या ध्यानात आलं होतं. नेटी म्हणजे ज्या मुलीला गप्प बसवायला आठवड्यातून दोनदा खिडकीजवळ हलवावं लागे, ती. आज ती बोटाने बाकावरची शाईची रेघ गिरवत होती. पावणेचार वाजता तिने हात वर केला.

“बाई, एखादी बाई जर म्हणाली की मी तुम्हांला मुळीच माइंड करत नाही, कधीच केलं नाही, तर ते कुठल्या रकान्यात?”

“ती बाई कुठली आहे त्यावर ठरेल.”

“यारमथची.”

“यारमथ म्हणजे खाली इंग्लंडात. मग उजवीकडे.”

नेटीने उजवा रकाना वाचला. पुन्हा वाचला. मग तिचे कान लाल झाले आणि ती एकदम ओरडली, “पण आजोबांनी तर डावीकडचं वाचलं!”

घंटा झाली. बाकी पोरं पाखरांसारखी उडाली. बाईंनी नेटीला टेबलापाशी बोलावून घेतलं, आणि नेटीने सगळं एका दमात सांगितलं.

तिचे आजोबा आर्ची रीकी. सबंध गावात पिंपं घडवणारा शेवटचा कारागीर. खारवलेले हेरिंग पिंपांतून जात तेव्हा दर शरद ऋतूत गावच्या बोटींमागून कारागीर आणि मासे साफ करणाऱ्या पोरी दक्षिणेला यारमथला जात. सव्वीस साली बावीस वर्षांचा आर्चीही गेला होता आणि लार्टर नावाच्या बाईंच्या घरी मागच्या खोलीत दोन महिने राहिला होता. त्या घरात हिल्डा नावाची मुलगी होती. एवढंच. पुढच्या वर्षी मालकाने दुसरा कारागीर नेला, आर्चीने गावातल्याच जीनशी लग्न केलं, सुखाने संसार केला, आणि सहा वर्षांपूर्वी जीन गेली. आता त्याचा पुतण्या टॅम सोमवारी ‘ब्राइट मॉर्न’ ही बोट घेऊन यारमथला निघणार होता. हेरिंग इतकं कमी झालेलं की पुढल्या वर्षी कुणी जाईल असं वाटत नव्हतं. टॅम म्हणाला होता, “काका, एकदा चला. एक बिछाना रिकामा आहे.” म्हणून आर्चीने तीन आठवड्यांपूर्वी त्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर आलं, एका पोस्टकार्डावर दोन ओळी. नेटीला त्या तोंडपाठ होत्या.

“आणि त्या दिवसापासून आजोबा शीळ घालत नाहीत, बाई. टॅमकाकाला सांगून टाकलं, माझी पाठ दुखते, मी येत नाही. त्यांची पाठ मुळीच दुखत नाही. काल त्यांनी आख्खी कोळशाची गोणी उचलली.”

बाईंनी कोट घातला. “चल.”

वाटेत त्यांना थोडी धाकधूक वाटत होती. शब्दांची गंमत वर्गात करणं वेगळं. इथे साठ वर्षांच्या माणसाच्या काळजाचा मामला होता. कार्डाचा अर्थ आपण सांगितला आणि तो निघाला उलटाच, तर? त्या बाईने खरोखरच हात झटकले असतील, तर? समुद्रातून दोन दिवस जाऊन आर्ची रीकी एका बंद दारापुढे उभा राहील, आणि तो उभा असेल आपल्या सांगण्यावरून.

आर्ची धक्क्यामागच्या आपल्या शेडमध्ये होता. पिंपांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून तो अर्धी पिंपं करून फुलझाडांसाठी विकत असे. रुंद खांदे, पांढऱ्या मिशा, हातात हातोडा. बाईंना पाहून त्याने टोपी काढली आणि नातीकडे डोळे वटारले.

“काय केलंस गं?”

“तिने काही केलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “मी तुमच्या यारमथच्या कार्डाबद्दल आले.”

आर्चीने नेटीकडे पाहिलं. नेटीने छपराकडे पाहिलं.

“बाई,” तो सावकाश म्हणाला, “ह्या घरात काही खासगी म्हणून उरलंय का?”

“माझ्या वर्गात तीस पोरं आहेत, आर्ची. ह्या गावातच काही खासगी नाही. तुम्ही तिला काय लिहिलं होतं, ते सांगता?”

“का? व्याकरण तपासायला आलात?” तो एकाएकी तडकला. “माझ्या लेकीच्या, मेगच्या हातावर तुम्हीच पट्टा मारला होतात, अडतीस साली. वर्गात ‘मी माइंड करते’ म्हणाली म्हणून. ‘मला आठवतं’ असं म्हण, म्हणालात. पोर रडत घरी आली होती.”

बाईंचा चेहरा उतरला. हे खरं होतं. त्या वेळी त्या नव्या होत्या, कडक होत्या, आणि पुस्तकाबाहेरचं ते सगळं चूक अशी त्यांची पक्की समजूत होती. ती समजूत सुटायला पुढे बरीच वर्षं आणि बरीच पोरं लागली.

“मारला होता,” त्या म्हणाल्या. “आणि मेग बरोबर होती, मी चूक होते. मेगला मी हे सांगितलंय. तुम्हांला सांगायचं राहिलं होतं. आता ते पत्र.”

ह्यावर भांडण पुढे कसं न्यावं, हे आर्चीला सुचेना. त्याने हातोडा ठेवला, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि उलटं केलं. मागे पेन्सिलीने पत्राचे चार कच्चे खर्डे होते. तीन खोडलेले, चौथा शाबूत. बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

“प्रिय मिस लार्टर, ऑक्टोबरात यारमथला येण्याचा बेत आहे. तुम्ही मला माइंड करता का? सव्वीस साली मागच्या खोलीत राहायचा तो पिंपवाला. माइंड करत असाल तर दारावर येईन. माइंड करत नसाल तर त्रास देणार नाही. आपला, आ. रीकी.”

बाई थांबल्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले. खांदे हलू लागले. शेवटी चष्मा काढून त्या एका पिंपावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“झालं का हसून?” आर्ची म्हणाला.

“रागावू नका. आता हेच यारमथच्या कानांनी ऐका. नेटी, उजव्या रकान्यातलं काय ते सांग बरं.”

नेटी वर्गात उभी राहते तशी उभी राहिली. “प्रिय मिस लार्टर, तुमची माझ्याबद्दल काही हरकत आहे का? हरकत असेल तर मी दारावर येईन. हरकत नसेल तर त्रास देणार नाही.”

आर्चीने कॅलेंडर बाईंच्या हातून घेऊन डोळ्यांजवळ धरलं.

“अरे देवा,” आर्ची म्हणाला. “हे मी लिहिलं?”

“हे तिने वाचलं. निदान मला तसं वाटतं. आणि तिने उत्तर दिलं, माझी मुळीच हरकत नाही. कधीच नव्हती.”

“कधीच नव्हती,” आर्ची पुटपुटला. त्याने शेडच्या मागे जाऊन पोस्टकार्ड आणलं. चुलीत टाकतो म्हणाला होता, पण ते रंध्याखाली जपून ठेवलेलं होतं. एका बाजूला यारमथच्या किनाऱ्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात छापलेलं, ‘लार्टर यांचं विश्रामगृह’, पत्ता आणि टेलिफोन नंबर. खाली निळ्या शाईत त्या दोन ओळी. तो त्या आता अशा वाचत होता की जणू अक्षरं नुकतीच उमटत होती.

“म्हणजे आडनाव अजून तेच आहे,” नेटी म्हणाली.

“तू गप्प बस.” मग बाईंकडे वळून, “तुम्हांला खात्री आहे?”

इथेच बाई अडखळल्या. वर्गात त्या खात्रीने बोलल्या असत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “शब्दाचे दोन अर्थ आहेत, ह्याची खात्री आहे. तिच्या मनात कुठला होता, ते फक्त तिला माहीत. विचारायला हवं. इथे टेलिफोन नंबर आहे.”

“आज शुक्रवार. शुक्रवारी नव्या कामाला हात घालत नाहीत.”

“काम नवं नाही. तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालंय, मधे अडकलंय फक्त.”

“पोस्ट बंद झालं असेल.”

“साडेपाचला बंद होतं. आत्ता पावणेपाच.”

“दाढी केलेली नाही मी.”

“आजोबा,” नेटी म्हणाली, “टेलिफोनवर दाढी दिसत नाही.”

पोस्टात मिसेस डॉइग एकटीच होती. गावाचं टेलिफोन जोडायचं यंत्र तिच्या काउंटरमागे, भोकांत वायरी खुपसायचं. त्यामुळे क्रेगहेवनमध्ये कुणी कुणाला काय म्हणालं, हे मिसेस डॉइगला बोलणाऱ्यांच्या आधी कळे, अशी ख्याती होती.

“यारमथ?” ती म्हणाली. “अखेर लावताय का फोन त्या पोस्टकार्डवालीला?”

“तुम्ही ते वाचलंत?” आर्चीने विचारलं.

“उघडं कार्ड होतं, आर्ची. डोळे मिटून वाटप करू का मी? तिला म्हणावं, सव्वीस सालचा माणूस विसरलीस तर विसरलीस, पण असं तोंडावर लिहितात का कुणी!”

बाईंनी तिला थोडक्यात समजावलं. मिसेस डॉइगचा जबडा खाली आला. “म्हणजे मी तीन आठवडे त्या बिचारीला शिव्या घातल्या त्या फुकटच?”

ती वायरी खुपसू लागली. एडिंबरो, मग आणखी कुठलं तरी केंद्र, मग आणखी एक. कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात आर्ची रिसीव्हर धरून उभा होता, जणू अनोळखी माणसाचं मूल हातात दिलंय. दार उघडं होतं, कारण खोक्यात त्याचे खांदे पुरते मावत नव्हते.

“लक्षात ठेवा,” बाईंनी बजावलं, “तो शब्द काढायचा नाही. ‘मी तुम्हांला आठवतो का’, एवढंच विचारायचं.”

“आठवतो का. आठवतो का,” आर्चीने घोकलं.

“लागला!” मिसेस डॉइग म्हणाली. स्वतःच्या कानावरचं यंत्र मात्र तिने काढलं नाही.

“हॅलो?” आर्ची समुद्रावर ओरडतात तसा ओरडला. “मिस लार्टर? मी आर्ची रीकी. क्रेगहेवनचा. पिंपवाला. तुम्ही मला... तुम्ही मला माइंड करता का?”

बाईंनी डोळे मिटून घेतले. नेटीने तोंडावर हात ठेवला.

पलीकडून जे आलं ते फक्त दोघांना ऐकू आलं, आर्चीला आणि मिसेस डॉइगला. आर्ची दगडासारखा उभा. मिसेस डॉइग मात्र बाईंच्या सोयीसाठी शब्दन् शब्द कुजबुजत होती.

“ती म्हणतेय, परत तेच! तुम्हांला लिहिलं ना मी, मुळीच करत नाही म्हणून?”

“आठवतो!” बाई खोक्याच्या दारातून ओरडल्या. “आठवतो का, ते विचारा!”

“म्हणजे,” आर्चीने घाम पुसला, “मी तुम्हांला आठवतो का? आमच्याकडे त्याचा अर्थ तो होतो. आमची भाषा तशी आहे. मी एवढंच विचारत होतो, की आठवतो का.”

मिसेस डॉइगने वायर नीट बसलीय ना ते चाचपून पाहिलं. मग तिचे डोळे मोठे झाले.

“हसतेय,” ती कुजबुजली. “भयंकर हसतेय. थांबा. ती म्हणतेय, आठवतोस का काय विचारतोस? आमच्या भिंतीला मासळीचे खवले चिकटू नयेत म्हणून आईने सबंध घराला तपकिरी कागद लावला होता, आणि तू त्या कागदावर रोज एका बोटीचं चित्र काढायचास. तू गेल्यावर आईने सगळा कागद फाडला. जिन्याजवळचा तुकडा मी फाडू दिला नाही. ती म्हणतेय...” मिसेस डॉइगने नाक पुसलं. “पुढलं मी सांगत नाही. पुढलं खासगी आहे.”

मिसेस डॉइगने एखादी गोष्ट खासगी म्हणावी, हे गावाच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. पण पुढचं आर्चीच्याच प्रश्नाने उघड झालं, कारण हळू बोलणं त्याला जमतच नव्हतं.

“पण मग माझं पत्र वाचून तुम्हांला वाटलं तरी काय?”

ह्याचं उत्तर सांगितल्यावाचून मिसेस डॉइगला राहवेना. “ती म्हणतेय, तीनदा वाचलं. हरकत असेल तर येईन, नसेल तर येणार नाही. वाटलं, उत्तरेकडच्या लोकांचा विनोद असेल. कुठलं उत्तर दिलं म्हणजे तू येशील तेच कळेना. म्हणून खरं होतं ते लिहिलं.”

आर्चीने टोपी काढली आणि छातीशी धरली, जणू ती बाई समोर उभी होती. बाईंनी नेटीचा हात धरून तिला बाहेर नेलं, आणि पोस्टाच्या पायरीवर दोघी जणी समुद्राकडे बघत बसल्या. आतून शब्द ऐकू येत नव्हते, आवाज येत होता. थोड्या वेळाने आवाज हसला. मग आणखी एकदा हसला.

“बाई,” नेटी म्हणाली, “ते कार्डावरचं माझं वाक्य धरा ना. मी ह्या आठवड्यात दुसरं आणलं नव्हतं.”

“धरलं. दोन्ही रकान्यांत.”

आर्ची बाहेर आला तेव्हा सव्वापाच झाले होते. “बुधवारी संध्याकाळी,” तो म्हणाला. “जेवायला. टॅमला आत्ताच सांगायला हवं.” चार पावलं गेला आणि परत वळला. “बाई, असे आणखी शब्द आहेत का? इथे एक आणि तिथे भलतंच? असतील तर आत्ताच सांगून टाका. तिथे पोचल्यावर माझ्याजवळ मिसेस डॉइग नसेल.”

होते की! शनिवारी सकाळी सुटी असून अकरा पोरं बाईंच्या स्वयंपाकघरात जमली आणि आर्चीसाठी एक यादी तयार झाली. बाई चहा ओतत होत्या आणि पॉलीन, जिला दोन्हीकडचं येत होतं, ती न्यायाधीशासारखी मधोमध बसली होती.

“‘मेसेज’ लिहा,” ती म्हणाली. “इथे मेसेज म्हणजे बाजारहाट. मिस्टर रीकी म्हणतील, मी मेसेज घेऊन येतो. तिला वाटेल, कुणाचा तरी निरोप आणतोय. आणि हे येणार बटाटे घेऊन.”

“मग आमच्याकडे बटाट्यांनाच मेसेज म्हणतात, असं सांगायचं,” रॅब म्हणाला.

“‘स्टे’ पण. आपण विचारतो, तुम्ही कुठे स्टे करता, म्हणजे कुठे राहता. तिकडे स्टे म्हणजे पाहुणा म्हणून राहणं.”

“हे विचारणारच नाहीत ते. ती दारातच उभी असेल ना!” इना म्हणाली, आणि ह्यावर सगळे का कोण जाणे इतके हसले की बाईंच्या हातचा चहा बशीत सांडला.

सोमवारी भरती साडेनऊला होती आणि शाळा नऊला. तीस वर्षांत बाईंनी शाळेच्या वेळात वर्ग कधी बाहेर काढला नव्हता. त्या दिवशी त्यांनी नऊ वाजता हजेरी घेतली, आणि सगळ्या वर्गाला रांगेत धक्क्यावर नेलं. हेडमास्तर खिडकीतून बघत होते. “भूगोल,” बाईंनी त्यांना सांगितलं.

‘ब्राइट मॉर्न’चं इंजिन धडधडत होतं. आर्ची इस्त्रीचा शर्ट घालून माशांच्या खोक्यावर बसला होता, गुडघ्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी गोल. छोटंसं पिंप असावं, ओंजळीएवढं. कुणी विचारलं नाही. टॅमने दोर सोडायला सांगितलं.

निघणाऱ्या बोटीला कुणी निरोपाचा शब्द बोलायचा नसतो. तो अपशकुन. म्हणून पोरं दुसरं काहीही ओरडू लागली. “बटाटे!” “डोकं माइंड करा!” “कागदावर बोट काढा!” आर्ची उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून त्यानेही काहीतरी ओरडून सांगितलं. तोवर बोट धक्क्याच्या तोंडापर्यंत गेली होती आणि अर्धे शब्द वाऱ्याने नेले.

“‘शाळेत जा’ म्हणाले,” रॅब म्हणाला.

“छट्, ‘बाईंना सांगा’ म्हणाले.”

“काय सांगा?”

“ते ऐकू नाही आलं.”

“सगळं चूक,” पॉलीन म्हणाली. “ते म्हणाले, ‘माझी टोपी’!”

आणि खरोखरच, दोर बांधायच्या खुंटावर आर्ची रीकीची टोपी होती. दूर बोटीवर त्याचं पांढरं डोकं उघडं पडलं होतं आणि केस वाऱ्यावर उभे राहिले होते. नेटीने टोपी उचलून उंच धरली, हलवली. बोटीवरच्या माणसाने हात उडवून दाखवला, राहू दे, राहू दे. मग तिने ती स्वतःच्या डोक्यावर घातली. टोपी कानांच्या खाली उतरली, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत ती मान मागे टाकून टोपीच्या कडेखालून बघत उभी राहिली.